प्लास्टिकखालची ओल

१

म्हाताऱ्याला हे सांगायचं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची समोर ओढली आणि म्हणाल्या, "आजोबा, झालं ते पहिल्यापासून सांगा. मोकळं वाटेल." मोकळं वाटायला त्याचं काय पोट गच्च झालं होतं? पण थोरला मुलगा दारात हाताची घडी घालून उभा, सून नाक पुसतेय, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: म्हाताऱ्यानं बायकोला फरफटत बाहेर ओढलं त्याला काहीतरी कारण असणार, ते त्यानं बोलावं, नाहीतर गोळ्या घ्याव्यात. गोळ्यांपेक्षा बोलणं परवडलं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, एवढी एकच अट त्यानं घातली. ती सुनेनं लगेच मोडली.

"बाबा, पाणी देऊ का?"

"तोंड घालू नको म्हटलं ना!"

तर घर असं. खाली गॅरेज, वर राहायच्या खोल्या, मधे अंगावर येणारा जिना. म्हातारा-म्हातारी थोरल्याकडे राहत. म्हातारीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात हळूहळू परत आला, जीभ तर गेलीच नव्हती, डावा पाय मात्र गेला तो गेलाच. मांडीखाली लाकूड बांधल्यासारखा. दवाखान्यातून सोडणार म्हटल्यावर प्रश्न पडला, जिना चढणार कोण? तेव्हा थोरल्यानं ठरवलं की गाडी रस्त्यावर लावायची आणि गॅरेजची खोली करायची. म्हातारीनं चाकाच्या खुर्चीत बसावं आणि सरळ दारातून उन्हात यावं.

विचार चांगला होता. ते म्हातारा आजही कबूल करतो. फक्त गॅरेजची जमीन साध्या काँक्रीटची होती. झाडलं की धूळ, पुसलं की चिखल. तिच्यावर एपॉक्सी लावायचा ठरला. एपॉक्सी म्हणजे दोन डब्यांचा रंग. एकात चिकट राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं औषध. दोन्ही एकत्र ढवळून ओतायचं, की जमीन होते काचेसारखी गुळगुळीत. कारागीर बोलावला असता, पण म्हातारा म्हणाला, "माझ्या बायकोची खोली आहे. मी करतो." जन्मभर मालमोटार हाकलेला माणूस, गॅरेजात उभं राहायची त्याला सवय.

२

गाडी बाहेर काढली. फळ्या रिकाम्या केल्या. तेलाचे डाग पावडर टाकून घासले. भाड्याचं घासायचं यंत्र आणून सगळी जमीन खरवडली. नाकातोंडात इतकी धूळ गेली की सून म्हणाली, "बाबा, तुम्ही पुतळ्यासारखे दिसताय."

"मग हार घाल."

भेगा बुजवल्या. मग दुकानदारानं सांगितलेली शेवटची गोष्ट राहिली. तो म्हणाला होता, "काका, ताटाएवढा प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवा आणि दिवसभर ठेवा. खालून ओल आली तर रंगाला फुगे येतात, लावायची घाई करू नका."

म्हाताऱ्यानं मागच्या भिंतीजवळ तुकडा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातात घेऊन बघायला गेला.

ओल आली होती, पण तुकडाभर नाही. दोनच जागी बारीक दवासारखं धुकं धरलं होतं. टाच, मधला बाक, पुढे बोटं. शेजारीशेजारी दोन तळवे, बोटं दाराकडे.

म्हाताऱ्याला प्रथम हसू आलं. आपलेच पाय, दुसरं काय! चिकटवताना उभे राहिलो असू, घामाचे उमटले. मग त्याला आठवलं की काल तो दिवसभर बुटात होता. तरी त्यानं चप्पल काढून पाऊल शेजारी लावून पाहिलं. प्लास्टिकखालचं पाऊल अरुंद होतं. लांब आणि अरुंद.

त्यानं तुकडा उचकटला, जमीन फडक्यानं कोरडी केली आणि नवा तुकडा पार दुसऱ्या कोपऱ्यात चिकटवला. उद्या बघू.

उद्याही दोन. बोटं दाराकडेच. म्हातारा वाकून बघत होता तेवढ्यात डाव्या पावलाचं धुकं विरळ झालं. उभ्या माणसानं या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा तसं. मग ते परत दाट झालं.

पेल्यातला चहा त्याच्या बोटांवर सांडला. भाजलं ते त्याला नंतर कळलं.

थोरल्याला हाक मारली. थोरला टायची गाठ मारत आला.

"ओल आहे. थांबू या."

"बाबा, आई या आठवड्यात घरी येतेय. पलंग सांगून ठेवलाय."

"पावलं उमटलीत खालून."

"कुणाची?"

"ते मला काय विचारतोस!"

थोरला वाकला. तोवर धुकं पसरून नुसता ओघळ झाला होता. "याला तुम्ही पावलं म्हणता? ढगात हत्ती दिसतो तशातली गत आहे. रंगाचा पहिला हात ओल खालीच अडवतो, डब्यावरच छापलंय. तुम्ही फक्त रंग लावा, बाकी डोकं मी चालवतो."

म्हाताऱ्यानं तुकडा उचकटून टाकला. म्हातारी घरी यायची होती. ढगात हत्ती तर त्यालाही दिसत आले होते.

३

या रंगाचा एक नियम आहे. दोन डबे एकत्र केले की मग तुमची मर्जी चालत नाही. बादलीत राहिला तर तो तापतो, धुरतो आणि दगड होतो. एकदा सुरू केलं की संपवायचंच. आणि लावायचा तो मागच्या भिंतीपासून, स्वतः मागे सरकत सरकत दारापर्यंत. नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. ओल्या रंगावर चालायला बुटांखाली खिळ्यांचे तळ बांधायचे. खिळ्यांची भोकं रंग आपोआप भरून काढतो.

म्हाताऱ्यानं भल्या उजेडात काम सुरू केलं. शटर सताड उघडं होतं. मागच्या भिंतीशी रंग ओतला, रबरी पट्टीनं पसरला, वरून रोलर फिरवला. करडा, चकचकीत रंग. छताचा दिवा त्यात असा दिसला जणू खालीही एक खोली आहे आणि तिच्यातही दिवा लावलाय. त्याला बरं वाटलं. म्हातारी म्हणेल, "अहो, तुम्हाला एवढं येतं हे मला माहीत नव्हतं." म्हणेल असं नाही, पण म्हणावं.

अर्ध्यावर आला आणि मान वर केली.

भिंतीशी, ओल्या रंगात, दोन उंचवटे. माणूस चालला तर खड्डा पडतो. हे वर आले होते. चादरीखालून कुणी पाय दाबावेत तसे, खालून वर. टाच, बाक, बोटं.

फुगे, म्हातारा मनाशी म्हणाला. ओलीचे फुगे. दुकानदारानं सांगितलेच होते.

त्यानं पुढचा पट्टा ओतला आणि पसरला. मान वर करायची नाही असं ठरवलं आणि केली. भिंतीशी आता सपाट होतं. उंचवटे एक पाऊल पुढे आले होते.

पळून जावं असं त्याच्या मनात आलं. पण बादलीला हात लावला तर बादली गरम. सोडून गेलो तर अर्धी जमीन गुळगुळीत, अर्धी दगडांची, आणि म्हातारीची खुर्ची अडणार कुठे? मधोमध. तेव्हा म्हातारा कामच करत राहिला. ओतला, पसरवला, रोलर फिरवला, मागे सरकला. खिळे चर्रर चर्रर वाजत होते. तो एक पाऊल मागे यायचा, आणि समोरचा डावा उंचवटा बसायचा, पुढे दुसरा उठायचा. घाई नव्हती त्या खालच्याला. म्हाताऱ्याच्याच चालीनं येत होता तो. हाक मारायची म्हटलं तर कुणाला? सून वर कपडे वाळत घालत होती आणि गाणं गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याला धरून तो दारापर्यंत आला.

उंबऱ्याबाहेर पाय ठेवला, खिळ्यांचे तळ सोडले आणि मगच पाहिलं. हातभर अंतरावर, अगदी समोर, दोन उंचवटे. बोटं त्याच्याकडे. मग ते हळूच खाली बसले, आणि सगळी जमीन आरशासारखी झाली. संध्याकाळी थोरला आला आणि म्हणाला, "वा बाबा! कारागिराला लाजवाल."

४

म्हातारी आली. पलंग आला, खुर्ची आली, खिडकीला पडदा आला. म्हातारीनं खोली पाहिली, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक कोपरा उंच झालाय." तेवढ्यावरून ती खूश आहे हे त्याला कळलं.

म्हातारा तिच्याजवळ बसायचा, पण बूट काढायचा नाही आणि पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवायचा. तिनं विचारलं, "हे काय, कोंबडी खुराड्यात बसल्यासारखं?" तो म्हणाला, "जमीन गार लागते."

"गार? माझ्या डाव्या तळव्याला तर ऊब लागते."

म्हाताऱ्यानं वाकून तिच्या पायाकडे पाहिलं. त्या पायाला सुई टोचली तरी कळत नव्हतं तिला.

"डाव्या?"

"हो. कुणी हातात धरल्यासारखी."

मग एका रविवारी दुपारी वर सुनेला ओरडणं ऐकू आलं. सगळे धावले. म्हातारी पलंगाशी उभी होती. कशालाही न धरता. तिनं उजवा पाय टाकला, मग डावा टाकला. लाकडासारखा डावा पाय आपणहून उचलला गेला आणि आपणहून खाली आला. सून रडायलाच लागली. थोरल्यानं आईला मिठी मारली. म्हातारीनं सगळ्यांवरून नजर म्हाताऱ्यावर आणली, नव्या नवरीसारखी हसली, आणि त्याला हसता आलं नाही.

नवल एवढंच, की उंबऱ्याबाहेर तिला एक पाऊल पडेना. अंगणात आणलं की पाय पुन्हा ओंडका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गुळगुळीत जमिनीवर आत्मविश्वास येतो कधीकधी." शिकलेल्या माणसाला नाव द्यायला शब्द मिळाला की तो निवांत झोपतो.

५

म्हातारा ऐकायला लागला. दुपारी घर निवांत असायचं, म्हातारी खोलीत फेऱ्या मारायची, आणि तो बाहेर स्टुलावर बसायचा. थप, थप. अनवाणी पावलांचा आवाज. पण एक थप दोन थपांची असायची. जरा दबलेली एक, आणि तिच्या मागोमाग म्हातारीची. घराच्या पोकळीत आवाज घुमतो, हे त्यालाही ठाऊक आहे. पण घुमलेला आवाज नंतर येतो. हा आधी येत होता.

स्वतःलाच त्यानं दम दिला. कान म्हातारे झालेत. डोळे म्हातारे झालेत. आणि खरं सांगायचं तर मन कुजकं झालंय. इतके दिवस ती तुझ्या खांद्यावर होती, आता तिला खांदा नको, म्हणून तुझा जीव जळतो. असेलही. हे त्यानं खूप दिवस खरं मानून पाहिलं.

मग एकदा ऊन तिरपं आत आलं आणि जमीन पाण्यासारखी चमकली. म्हातारी दाराकडे येत होती. जमिनीत तिचं उलटं प्रतिबिंब दिसत होतं, पायाला पाय लावून. म्हाताऱ्यानं तिचे पाय पाहिले, मग खालचे पाहिले. खालचा डावा उचलला गेला, पुढे आला, टेकला. आणि मग वरचा, म्हातारीचा, त्याच्यावर जाऊन बसला. चुकणाऱ्या माणसाचं बोट धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घ्यावं तसं.

खालचे पाय अरुंद होते.

"अगं, बाहेर ये," तो म्हणाला.

"बाहेर काय आहे? खुर्ची."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात, पण पाय नाहीत." ती तिथेच गर्रकन वळली. चाळीस वर्षांची होती तेव्हा वळायची तशी. "खरं सांगू? तुम्हाला माझं चालणं बघवत नाही. मी लोळागोळा पडले होते तेव्हा तुम्ही किती गोड बोलायचात."

हे लागलं. त्यातलं थोडं खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पण ती बोलत होती तेव्हा तिचे पाय बोलण्यात नव्हते. ती म्हाताऱ्याकडे तोंड करून बोलत होती आणि पाय तिला एकेक पाऊल मागे, भिंतीकडे नेत होते. तिला ते कळलंही नव्हतं.

६

तेव्हा त्यानं ओढलं. हे डॉक्टरीणबाईंना हवं होतं, ते हे. धावत आत गेला, बुटांसकट, तिचा हात धरला आणि दाराकडे ओढलं. ती किंचाळली. शेजारचे गच्चीवर आले. उजवा पाय सुटला. डावा सुटेना. ओल्या मातीत खुंट रुतावा तसा तो चिकटला होता, आणि कुणीतरी उलट्या बाजूनं घट्ट धरलं होतं. रागानं नाही. हे म्हातारा शपथेवर सांगेल. सायकल शिकवणारा माणूस सीट धरून ठेवतो तसं, मायेनं.

त्यानं जोर केला आणि दोघं उंबऱ्याबाहेर कोसळली. तिचं मनगट मोडलं. ती रडत होती, शिव्या देत होती, आणि त्याची नजर तिच्या डाव्या तळव्यावर होती. म्हातारीच्या टाचा म्हणजे भेगाच भेगा, लग्नानंतर लगेचपासून, तेल चोळून तो थकला होता. त्या तळव्यावर आता एकही भेग नव्हती, एकही रेघ नव्हती. चकचकीत. किंचित करडा.

सून वरून धावत आली, तिनंही पाहिलं. "आईंच्या पायाला किती छान आराम पडलाय," ती रडत रडत म्हणाली.

थोरला कामावरून आला. सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही त्यानं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, म्हणाला, "बाबा, यापुढे तुम्ही आईजवळ एकटं बसायचं नाही." जणू म्हातारा रस्त्यावरचा पिसाळलेला कुत्रा. पन्नास वर्षं त्या बाईच्या उशाशी झोपलेला माणूस. आणि आईला उचलून त्यानं परत त्याच खोलीत नेलं.

७

डॉक्टरीणबाईंना इथवर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्याच.

पुढचं त्यांना ठाऊक नाही, कारण ते घरी आल्यावर झालं. म्हातारा आपला स्टुलावर, शटरच्या बाहेर. आत म्हातारी, हात गळ्यात बांधलेला, पलंगाशी उभी. थोरला म्हणाला, "आता एकदाचा तुमचा भ्रम घालवतो." बूट काढले, मोजे काढले. आजवर त्या खोलीत म्हातारीखेरीज कुणी अनवाणी गेलं नव्हतं.

"बूट घाल," म्हातारा म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, बूट घाल."

"बघा तर." अनवाणी आत गेला, मधोमध उभा राहिला, नाचून दाखवलं. "गिळलं का मला? आई, तुला काही दिसतंय खाली?" म्हातारी हसली. तोही हसला. हसत हसत दाराकडे आला. उंबऱ्यापाशी पाय उचलला.

तो पाय तसाच राहिला. हवेत. थोरला स्वतःच्या पायाकडे पाहत होता. हसू तोंडावर होतं, डोळ्यांत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला. लहानपणी ताप चढला की हाक मारायचा, तशी.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. बोटाला बोट लागायला एवढंसं राहिलं, आणि पाय त्याला घेऊन वळले. शांतपणे, घाई न करता. आईच्या शेजारी जाऊन तो उभा राहिला. मग दोघांचा डावा पाय उचलला गेला. एकाच वेळी. आणि एकाच वेळी टेकला.

सून वरून चहा घेऊन आली. म्हातारा उंबऱ्यात आडवा बसला. "आत पाऊल टाकायचं नाहीस."

"बाबा, काय चाललंय? अहो, ऐकलंत का, चहा..."

आतून थोरल्याचा आवाज आला. मऊ, समजूतदार. "बाबा, चुकलो मी. उगाच बोललो तुम्हाला. आत या ना, सगळे मिळून चहा घेऊ."

सुनेचे डोळे भरून आले. "बघा, माफी मागतायत. जा ना आता."

म्हाताऱ्याच्या अंगावर काटा उभा राहिला तो अजून बसलेला नाही. कारण थोरल्याला त्यानं वाढवलंय. पाळण्यात होता तेव्हापासून ओळखतो. काच फुटली, भांडण झालं, नोकरी गेली, लग्न मोडता मोडता राहिलं. त्या पोराच्या तोंडून जन्मात 'चुकलो' हा शब्द निघालेला नाही. मार खाईल, उपाशी झोपेल, म्हणणार नाही. म्हाताऱ्याच्या बापावर गेलाय.

सुनेला धरून म्हातारा उंबऱ्यातच बसलाय. आतून आवाज येतोच आहे, दोघांचा मिळून, गोड गोड. चुकलो बाबा. चुकले हो मी. आत या. ती माफी त्यानं जमेस धरलेली नाही, धरणारही नाही. 'आईजवळ एकटं बसायचं नाही' असं शेजाऱ्यांसमोर जो बोलला, त्यानं स्वतः इथे येऊन, तोंड वाकडं करून, खाली बघत, अर्धं गिळत का होईना, 'चुकलो' म्हणावं. त्याची माफी अजून यायची आहे. थोरल्याची.